उजव्या दोन खुरांना तेल

बाळू,

सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. एका गालाला फेस तसाच. "भावजी, संध्याकाळी मांडवीवर या, शेवंतीच्या खुरातलं काय ते दाखवायचंय," म्हणालास आणि हसलास. मी म्हटलं, आत्ताच सांग, कोण जिंकलं? तर म्हणालास, "फोनवर सांगून उपयोग नाय. समोर या, मग बघू." मी म्हटलं, येतो. आपलं शेवटचं बोलणं ते एवढंच. त्यात मरणाबिरणाचा विषय कुठेच नव्हता.

दुपारी तुझ्या शेजारणीचा फोन आला. लगेच या, एवढंच बोलून तिने फोन ठेवला. मला वाटलं, शेवंती गेली. दुसरं काही मनात येण्याचं कारणच नव्हतं. घोडीचं वय झालेलं, पाय अधू, आणि सकाळीच तू खुराबद्दल बोललेलास. मी टॉर्च घेतला, चष्मा घेतला आणि स्कूटरवरून मागच्या वाटेने थेट गोठ्यात शिरलो. शेवंती पेंढा खात उभी होती. मी तिचे चारही पाय एकेक करून उचलून पाहिले. सगळे ठणठणीत, आणि घरातून तर रडणं ऐकू येत होतं. अरे मग रडतंय कोण, असं मी तिलाच विचारलं. तेवढ्यात शेजारीण दारात आली आणि म्हणाली, "भावजी, तिथं काय करताय? बाळूदा आत हायत."

आत तू चटईवर होतास. तीच खाकी अर्धी पँट, हाताला तेच तेल. तुझी बायको नंदा प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होती, की त्यांनी पाणी मागितलं, मी आत गेले, तांब्या भरला, आले तर हे असे. तांब्या तिच्या हातात होता आणि कुणाला तो काढून घेण्याचं सुचत नव्हतं. तुझी ताई, म्हणजे आमची सुलभा, बाजारातून परस्पर आली, आणि तुझ्याकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, हा काय खेळ लावलाय ह्याने?" मला तेच वाटत होतं. मी तुझ्या खांद्याला धरून हलवलंसुद्धा. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असेल. मला ते शब्द ऐकू आले, पण डोक्यात शिरले नाहीत. अजूनही पुरते शिरलेले नाहीत.

कारण हे तुझ्या बाबतीत व्हायचंच नव्हतं. गोळ्यांचा डबा माझा. रक्तदाब माझा, साखर माझी. तू त्या डब्याला माझं रेशन म्हणायचास. मी आधी जाणार आणि तू खांदा देणार, हे आपल्यात न बोलता ठरल्यासारखं होतं. वर तू गंमतही करायचास की भावजींना घोडीवरून नेऊ, निदान मेल्यावर तरी शेवंतीवर बसतील. मी त्यावर हसायचो. मेव्हण्याने मेव्हण्याची थट्टा करायची नाही तर कुणाची करायची?

तुमच्या घराला दर्या ठाऊक, घोडा ठाऊक नव्हता. तुझ्या वडिलांची होडी होती. ती थकली, मग मोडली, आणि तुझ्या डोक्यात आलं की मांडवीच्या काळ्या वाळूवर पर्यटकांना घोड्यावरून फिरवावं, लग्नसराईत नवरदेव मिरवावेत. घोडी बघायला तू मला घाटावर घेऊन गेलास, कारण माझे वडील टांगा हाकायचे. म्हणजे या सगळ्याला सुरुवात माझ्यापासूनच झाली. शेवंती मीच पसंत केली, पिवळसर पांढरी, डोळ्याने शांत. तू तिच्या तोंडाकडे पाहिलंही नाहीस. खाली वाकलास, खुरावर बोट फिरवलंस आणि म्हणालास, "खूर सुके पडलेत. तेल पायजे." आपलं भांडण त्या दिवशी सुरू झालं.

तुझ्या घरात प्रत्येक गोष्टीला तेल लागायचं. होडीला तेल, वल्ह्याला तेल, दारांना तेल, तुझ्या आईच्या भेगाळलेल्या टाचांना कोकमतेल. दर्याकाठी जे उघडं राहील ते कुजतं, हे तुम्ही लहानपणीच शिकता. त्यामुळे घोडीच्या पायाखाली तुला चार लहान होड्या दिसल्या, आणि त्या खाऱ्या पाण्यात उतरणार म्हटल्यावर तू त्यांना तेल पाजायला निघालास. तुझं मिश्रण मला तोंडपाठ आहे. खोबरेल, थोडी राळ, आणि होडीला चोपडतात ते माशाचं तेल. पहिल्याच लग्नाला त्याचा प्रताप दिसला. शेरवानीतला नवरदेव नाकाला रुमाल लावून बसलेला, आणि वरातीच्या मागून गल्लीतली मांजरं चालत होती. मुलीकडच्यांनी विचारलं, घोडी कुठून आणलीत, जेटीवरून? त्यानंतर तू लग्नासाठी नुसतं खोबरेल वापरायला लागलास. मग कुणा पुणेकर गिऱ्हाइकाने तुला मोबाईलवर खुरांचं परदेशी तेल दाखवलं, तीही डबी तू मागवलीस. डबीवरच्या चित्रातला खूर बुटाच्या पॉलिशसारखा चमकत होता. ती डबी तू देव्हाऱ्याशेजारी ठेवली होतीस.

माझं म्हणणं साधं होतं. माझ्या वडिलांनी आयुष्यात खुराला तेल लावलं नाही. खूर म्हणजे नख. नखाला वरून तेल पाजून नख मजबूत झालेलं कुणी बघितलंय? जनावर काय खातं आणि कशावर उभं राहतं, त्यावर खूर ठरतो. हे मी तुला इतक्या वेळा सांगितलं की माझ्या आधी तूच ते वाक्य पूर्ण करायचास. आणि मग तुझं ठरलेलं उत्तर. "तुमच्या बापाशीचा टांगा सुक्या रस्त्यावर चालला. माझी घोडी खाऱ्या पान्यात उभी ऱ्हाते. तुमचा घाट हितं आनू नका, भावजी." त्यावर मी म्हणायचो, तेलानेच जर सगळं टिकत असतं तर तुझ्या वडिलांची होडी का मोडली? त्यावर तू दोन दिवस बोलायचा नाहीस. तिसऱ्या दिवशी फोन यायचा, भावजी, बांगडे आलेत, ताईला पाठवा.

गेल्या पावसाळ्यात मात्र थट्टेची वेळ राहिली नाही. शेवंती पुढच्या पायाने लंगडायला लागली. पाय उचलला की वास यायचा. खुराच्या तळाला मधे जो मऊ त्रिकोणी भाग असतो तो सडून काळा पडला होता. तू म्हणालास, तेल कमी पडलं, आणि आणखी जाड थर दिलास. मी म्हटलं, तेलानेच घात केला. घोडी पाय टेकेना. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या. वयाने लहान, पण हात धीट. त्यांनी सडलेलं कापून काढलं, धुतलं, पुसलं, आत औषधाचा बोळा भरला. घोडी वाचली, आणि आपण दोघे दोन्ही बाजूंना उभे राहून त्यांना विचारायला लागलो, की तेल चांगलं की वाईट ते एकदा सांगा.

त्यांचं उत्तर तुला आठवत असेल. "वरून लावलेलं काहीही खुराच्या आत फारसं जात नाही. चकाकी येते. स्वच्छ, कोरड्या खुराला लावलंत तर सहसा बिघडत नाही, पण मोठा फायदा होतो असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. ओल्या घाणीवर चोपडलंत तर घाण आत कोंडते. मी दिलंय ते औषध वेगळं, ते सडण्यावर आहे. बाकी खूर रोज साफ करा, कोरड्यात उभी करा, वेळच्या वेळी कापून घ्या, खायला नीट द्या." नवा खूर पायावरचे केस संपतात तिथून निघतो आणि खालपर्यंत उतरायला वर्षभर लागतं, असंही त्या म्हणाल्या. त्यांची पाठ वळली आणि तू म्हणालास, ऐकलंत, बिघडत नाय म्हणाल्या. मी म्हटलं, ऐकलंस, फायदा नाही म्हणाल्या. नंदाने दोघांसमोर चहा ठेवला आणि ती आत निघून गेली.

तेव्हापासून तू एक मोठी गोष्ट केलीस, आणि तिचं श्रेय तू कधी मागितलं नाहीस. वडिलांच्या होडीच्या फळ्या इतकी वर्षं घरामागच्या परड्यात रचून ठेवल्या होत्या, त्यांना कुणी हात लावलेला तुला खपायचा नाही. त्या काढून तू गोठ्यात जमिनीपासून वर ठोकल्यास. गोठ्याच्या जमिनीतला चिऱ्याचा दगड पावसात पाणी धरतो, फळीखालून ते निघून जातं. उरलेला पावसाळा शेवंती होडीवर उभी राहून सुकी राहिली. मी बघायला आलो तेव्हा तू खिळे ठोकत होतास आणि वर मान करत नव्हतास. छान केलंस म्हणायला हवं होतं, पण आपल्यात तशी पद्धत नव्हती.

दसऱ्याला शेवंतीची पूजा झाली, गळ्यात झेंडूची माळ पडली, आणि तू आपट्याचं पान माझ्या हातात देऊन पैज सांगितलीस. उजव्या दोन खुरांना तेल, डाव्या दोन खुरांना काही नाही, पाऊस जवळ येईपर्यंत. मी अट घातली की साफसफाई चारही पायांची सारखी व्हायला हवी. निकाल घाटावरून येणारे नालबंद इस्माईलचाचा देणार, आणि ते यायच्या आधी चारही खूर ओल्या वाळूने घासून धुवायचे, म्हणजे त्यांना तेलाचा वास लागू नये. कोणते पाय तेलाचे हे त्यांना सांगायचं नाही. उजवेच का, असं मी विचारलं, तर म्हणालास, फोटोत तीच बाजू येते.

त्यानंतरची माझी प्रत्येक संध्याकाळ मला आठवते, कारण त्याआधीच्या संध्याकाळी आठवण्यासारख्या नव्हत्या. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो आणि घरात मी नुसता अडगळ झालो होतो. सुलभा भाजी निवडायची आणि मी तिला कशी निवडायची ते सांगायचो. मांडवीवर माझ्यासाठी काम होतं. तुझी गिऱ्हाइकं संपली की आपण शेवंतीला गोठ्यात न्यायचो आणि एकेक पाय मांडीवर घेऊन बघायचो. तू उजव्याला तेज चढलंय म्हणायचास. मी अंगठीने डावा वाजवून बघायचो आणि कडक आहे म्हणायचो. शिमग्याच्या सुमारास डाव्या पुढच्या खुराला बारीक चीर दिसली तेव्हा तू मला सबंध जेटीवर मिरवलंस. आठवड्यात तसलीच चीर उजव्या मागच्या खुराला निघाली, आणि मी सगळ्या घोडेवाल्यांना भजी खाऊ घातली. आपली डोकी ठिकाणावर नव्हती असं सुलभा म्हणते. मला विचारशील तर निवृत्तीनंतर माझं डोकं तेव्हाच काय ते ठिकाणावर आलं होतं.

आणि मग तू गेलास. दहाव्याला पिंड ठेवला. मला खात्री होती, कावळा शिवणार नाही. तू मला काहीतरी दाखवायचं ठेवून गेला होतास. आता ताटकळायला लागणार, कुणी मुलाचं नाव घेणार, कुणी नंदाचं, आणि शेवटी मला पुढे होऊन खुरांबद्दल बोलावं लागणार, म्हणून मी मनात वाक्य जुळवत होतो. कुणी हात जोडायच्या आत कावळा आला आणि घास घेऊन गेला. मंडळी म्हणाली, शांत गेला, काही मागे ठेवलं नाही. मी बघतच राहिलो. मला राग आला, बाळू. दहाव्याला मेलेल्या माणसाचा राग येतो हे मला माहीत नव्हतं.

तुझा मुलगा मुंबईला परत जायच्या आधी म्हणाला, घोडी विकून टाकू. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तो तिथून काय करणार? नंदाने माझ्याकडे बघितलं आणि मी म्हणून गेलो की हा पावसाळा मी सांभाळतो, मग बघू. म्हणून गेलो आणि घाबरलो. गेल्या पावसाळ्यात आपण दोघे असून घोडी पांगळी व्हायची वेळ आली होती. आता मी एकटा, आणि तेल लावायचं की नाही याचं जे उत्तर तुला त्या सकाळी दिसलं होतं, ते मला माहीत नाही. चुकलो तर शेवंती बसेल, आणि या वयात बसलेली घोडी परत उठत नाही.

काल इस्माईलचाचा आले. तुझी बातमी त्यांना वाटेतच कळली होती. गोठ्याच्या दारात चप्पल काढून ते आत आले. ठरल्याप्रमाणे मी चारही खूर वाळूने घासून ठेवले होते. शेवंती तुझ्या सवयीने आधी उजवा पुढचा पाय द्यायची, मी डावा मागायचो, त्यामुळे आमची धांदल झाली होती. चाचांनी खूर तासले, कानस मारली, तळ चाचपला, नाकाजवळ नेला. पाऊस इतका जवळ आला असताना इतके कोरडे खूर त्यांनी किनाऱ्यावर फारसे पाहिले नव्हते, म्हणाले. मग मी विचारलं, यातले दोन पाय तेलाचे आहेत, कुठले ते सांगा.

ते पुन्हा खाली बसले. पुन्हा चारही पाय पाहिले. नंदा दारात येऊन उभी राहिली होती. माझ्या छातीत धडधडत होतं, गोळी घेतली होती तरी. बऱ्याच वेळाने त्यांनी डाव्या दोन पायांवर हात ठेवला, आणि लगेच उचललाही. "खरं सांगू? अंदाज केला. चारी सारखेच आहेत. रोज कुणीतरी पाय उचलून साफ केलेत, हे मात्र डोळे झाकून सांगेन."

म्हणजे तेलाने खूर सुधारले नव्हते, आणि तेलाने बिघडलेही नव्हते. तू हरला होतास आणि मीही हरलो होतो. जे काही केलं ते तुझ्या हाताने केलं होतं, रोज चार वेळा वाकून, आकडीने घाण काढून, फडक्याने पुसून. आणि त्या फळ्यांनी. तेल नुसतं शेवटी वरून चोपडलेलं. पावसाळ्यात काय करायचं ते मला कळलं. त्या बाबतीत माझा जीव भांड्यात पडला. पण चाचांनी सामान बांधता बांधता विचारलं, "मग पैज कुणी जिंकली?" आणि मी म्हटलं, बाळूने.

खोटं बोललो. इतक्या वर्षांत मी तुझ्यापुढे एकदाही हार मानली नाही. काल मानली, तीही खोटी, आणि तू तिथे नव्हतास. मी तसाच गोठ्यात बसून राहिलो आणि रडलो. आतापर्यंत रडू आलं नव्हतं.

चाचा गेल्यावर नंदा माझ्याजवळ आली. म्हणाली, "भावजी, त्यांना ठावक होतं." मी विचारलं, काय ठाऊक होतं? तर म्हणाली, चारही खूर सारखे आहेत हे तुला शिमग्यानंतरच कळलं होतं. दोन्हीकडे सारखी चीर निघाली, तेव्हाच तू घरी येऊन तिला म्हणालास, तेलात काय नाय, भावजींचं पन काय खरं नाय. तिने विचारलं, मग त्यांना सांगून टाका की. त्यावर तू काय म्हणालास ते तिने तुझ्याच आवाजात सांगितलं.

"सांगितलं तर भांडण मिटंल. मग भावजी यायचे कशाला?"

आणि तरीही त्या सकाळी तू मला काय दाखवायला बोलावत होतास, ते नंदाला माहीत नाही. मला वाटतं, तू नवीन भांडण शोधून ठेवलं होतंस. नालावरून असेल, चाऱ्यावरून असेल. खुरातच काहीतरी सापडलं असेल, ज्यावर आणखी एक वर्ष गेलं असतं.

आज संध्याकाळी मी गोठ्यात आलो होतो. शेवंतीचे चारही पाय साफ केले, पुसले, तेल लावलं नाही. नंदाने चहा दिला. उद्याही येणार आहे.

भांडण नसतं तरी मी आलो असतो, बाळू. रोज आलो असतो.